होझू नदीचा जलमार्ग आणि त्याचे कर्ते

जपानमधील क्योतो हे शहर तेथील मंदिरे, उद्याने आणि जुन्या राजधानीचे वैभव यांसाठी जगभर ओळखले जाते. या शहराच्या पश्चिमेस, डोंगरांच्या पलीकडे, कामेओका नावाचे गाव आहे. तेथून क्योतोच्या वेशीवरील आराशियामापर्यंत होझू नदी डोंगर कापीत, वळणे घेत सुमारे १६ किलोमीटर वाहते. या पट्ट्यात सपाट बुडाच्या लांबट होड्यांतून प्रवाशांना खाली नेले जाते. नदीला पाणी बेताचे असेल तर हा प्रवास दोन तासांचा होतो. वसंतात चेरीचा बहर, उन्हाळ्यात गर्द हिरवाई, शरदात मेपलची तांबडी पाने आणि हिवाळ्यात शेगडी ठेवलेल्या बंदिस्त होड्या, असा हा क्रम वर्षभर चालतो. जपानी पर्यटनाच्या पुस्तिकांत या जलप्रवासाला मानाचे पान असते.

आपल्यापैकी अनेकांनी जबलपूरजवळ भेडाघाटला नर्मदेतून संगमरवरी खडकांमधला नौकाविहार केलेला असेल. तेथील सौंदर्य सर्वस्वी निसर्गाचे आहे. मनुष्याने तेथे फक्त होडी आणली. होझूची गोष्ट वेगळी आहे. जी दरी आज आपण निसर्गाची लीला म्हणून पाहतो, तिच्यातील वाट मनुष्याने फोडलेली आहे, आणि ती शोभेसाठी फोडलेली नाही. तांदूळ, मीठ, सरपण आणि लोणारी कोळसा यांची ने-आण व्हावी म्हणून १६०६ साली एका व्यापाऱ्याने ती स्वतःच्या पैशाने करविली. पुढे जवळजवळ तीनशे वर्षे ती मालवाहतुकीची वाट होती. हा इतिहास रंजक तर आहेच. पण एखाद्या लोकोपयोगी कार्याचे श्रेय कोणाच्या पदरी पडते आणि कोणाचे नाव मागे राहते, या दृष्टीनेही तो विचार करण्यासारखा आहे.

नदी आणि राजधानी

प्रथम नदीची ओळख करून घेऊ. एकाच नदीला ठिकठिकाणी निराळी नावे असण्याचा प्रकार आपल्याला परिचित आहे. भीमा पंढरपुरास चंद्रभागा होते. त्याचप्रमाणे तांबा प्रांताच्या डोंगरांत उगम पावणारी ही नदी वरच्या अंगाला ओई, कामेओकापासून खालच्या दरीत होझू आणि आराशियामाच्या पुढे कात्सुरा या नावांनी ओळखली जाते. क्योतोच्या दक्षिणेस उजी आणि किझू या दोन नद्या तिला मिळतात, आणि हा एकत्र प्रवाह योदो नदी म्हणून ओसाकाजवळ समुद्रास मिळतो. नकाशावर बोट फिरवून पाहिले म्हणजे लक्षात येते, की डोंगराळ तांबा, राजधानी क्योतो आणि व्यापारी बंदर ओसाका ही तिन्ही या एका पाण्यावर वसलेली आहेत.

‘ओई’ या नावाचा अर्थ मोठा बंधारा. पाचव्या शतकाच्या सुमारास हाता नावाच्या घराण्याने आराशियामापाशी नदीवर बंधारा घालून आसपासची जमीन ओलिताखाली आणली, असे मानले जाते. हे हाता लोक मूळचे जपानी नव्हेत; ते कोरियाच्या बाजूने येऊन येथे स्थायिक झालेले. रेशीम विणणे, पाणी वळविणे, हिशेब ठेवणे या विद्या त्यांच्याबरोबर आल्या. मूळ मुलूख सोडून परक्या प्रांतात रुजलेल्या आपल्यासारख्या कुटुंबांना हाता घराण्याची ही हकीकत परकी वाटू नये.

इ. स. ७९४ मध्ये क्योतो येथे, म्हणजे तेव्हाच्या हेइआन-क्यो येथे, राजधानी आली. राजवाडे, देवळे आणि सरदारांचे वाडे बांधायचे तर लाकूड हवे, आणि उत्तम लाकूड तांब्याच्या रानात होते. ओंडके एकमेकांस बांधून तराफे करीत आणि ते नदीत सोडीत. पुढील काळात या तराफ्यांची रचना ठरून गेली. ओंडक्यांचे बारा गट एकामागे एक जोडून सुमारे ५० मीटर लांबीचा लवचिक तराफा तयार होई आणि दोन-तीन माणसे तो खडकांमधून वळवीत नेत. हा व्यवसाय विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत टिकला. म्हणजे क्योतोच्या घरांच्या तुळया आणि खांब हजार-अकराशे वर्षे याच वाटेने आले.

परंतु तराफा आणि होडी यांत मोठा फरक आहे. ओंडका खडकावर आपटला तरी ओंडकाच राहतो. धान्याने भरलेली होडी आपटली तर सर्वस्व बुडते. त्यामुळे धान्य, सरपण आणि कोळसा यांना नदी बंदच होती. हा माल घोड्यांच्या पाठीवरून ओइनोसाका या खिंडीने क्योतोत येई. हीच ती खिंड, जिच्यातून १५८२ साली आकेची मित्सुहिदे कामेयामाच्या किल्ल्यातून रातोरात सैन्य घेऊन उतरला आणि होन्नोजी या मंदिरात उतरलेल्या आपल्या धन्यावर, ओदा नोबुनागावर, त्याने हल्ला केला. जपानच्या इतिहासाला वळण देणारी ती रात्र. कामेयामा म्हणजेच आजचे कामेओका. १८६९ मध्ये त्याचे नाव बदलण्यात आले. सैन्याला जी खिंड सोयीची, ती व्यापाऱ्याला महाग पडे. एक घोडा किती ओझे नेणार?

सुमिनोकुरा ऱ्योई

या अडचणीवर ज्याने उपाय काढला तो सुमिनोकुरा ऱ्योई १५५४ मध्ये जन्मला. त्याच्या घराण्याचे मूळ आडनाव योशिदा. ते ओमी प्रांतातून येऊन आराशियामाजवळच्या सागा या वस्तीत स्थायिक झाले होते. वैद्यकी, मद्याचे उत्पादन आणि सावकारी हे घराण्याचे व्यवसाय. ‘सुमिनोकुरा’ हे नाव त्यांच्या वखारीवरून पडले. ऱ्योईचे वडील सोकेइ हे वैद्य. एका विद्वान भिक्षूबरोबर ते दोनदा मिंग राजवटीतील चीनला जाऊन आले होते. विद्या आणि पैसा ही दोन्ही एका घरात नांदणे त्या काळीही विरळाच. याच आप्तवर्गातील योशिदा मित्सुयोशी याने १६२७ मध्ये ‘जिन्कोकी’ नावाचे अंकगणिताचे पुस्तक प्रसिद्ध केले. मण्यांच्या पाटीवर हिशेब कसा करावा, माल कसा मोजावा, हे त्या पुस्तकाने जपानच्या घराघरांत पोहोचविले. आपल्याकडे पूर्वी मुलांकडून पावकी, निमकी घोकून घेत. त्या वळणाचेच ते काम होते.

१६०४ मध्ये ऱ्योई पश्चिमेकडील मिमासाका प्रांतात गेला असता तेथील नदीवर त्याने सपाट बुडाच्या होड्या पाहिल्या. या होड्यांना पाणी कमी लागते आणि खडकाला घासल्या तरी त्या सहज फुटत नाहीत. अशा होड्या असतील तर कोणत्याही नदीतून वाहतूक करता येईल, असे त्याच्या मनाने घेतले. परत येऊन त्याने होझूची दरी पायी पाहिली आणि मुलगा सोआन याला एदो येथे, म्हणजे आजच्या तोक्यो येथे, तोकुगावा शासनाकडे परवानगीसाठी पाठविले. शासनाने विचार केला, की पूर्वी कधी होड्या चालल्या नाहीत तेथे त्या चालणार असतील तर दोन्ही प्रांतांचे हितच आहे. परवाना मिळाला. खर्च ऱ्योईचा आणि वाहतुकीच्या उत्पन्नावर हक्कही त्याचाच, अशी ही व्यवस्था होती. खाजगी भांडवलातून रस्ते बांधून टोल वसूल करण्याची पद्धत आपण अलीकडची समजतो. तिचा एक सुस्पष्ट नमुना चारशे वर्षांपूर्वी येथे दिसतो.

खडक कसे फोडले

जपानी पंचांगाप्रमाणे १६०६ सालच्या तिसऱ्या महिन्यात काम सुरू झाले आणि आठव्या महिन्यात संपले. सुरुंगाची दारू न वापरता सहा महिन्यांत १६ किलोमीटरची दरी होड्यांना योग्य करणे ही साधी गोष्ट नव्हे. हे काम कसे झाले याचे वर्णन त्या काळचे पंडित हायाशी राझान यांनी ऱ्योईच्या स्मारकशिलेसाठी लिहिलेल्या लेखात सापडते.

त्यावरून पाच रीती दिसतात. जे मोठे धोंडे हलण्याजोगे होते त्यांना दोर बांधून, रहाट लावून बाजूला ओढले. जे खडक पाण्याखाली होते त्यांच्यावर लाकडी मचाण उभारले. सुमारे ९० सेंटीमीटर लांबीचा, टोकदार आणि तितक्याच घेराचा लोखंडी घण सहा मीटरांच्या दांड्याला बसविला. काही दहा माणसांनी तो दोराने वर ओढायचा आणि एकदम सोडायचा, की खालचा खडक फुटे. जे खडक पाण्याबाहेर होते त्यांच्यावर मोठा जाळ करून ते तडकविले. आणि जेथे नदी रुंद व उथळ होती तेथे दोन्ही अंगांनी दगडांचे बांध घालून पात्र अरुंद केले, म्हणजे पाणी आपोआप खोल झाले. धबधब्यासारखा उतार असेल तेथे वरचा भाग खोदून खालच्या पातळीशी जुळवून घेतला.

आज या नदीत होडी एखाद्या अरुंद फटीतून वेगाने खाली घसरते तेव्हा प्रवासी आनंदाने ओरडतात. त्या फटीपैकी कित्येक मूळच्या नाहीत. घणाच्या घावाने किंवा दगडी बांधांनी त्या तेथे आल्या आहेत. काही बांध अजून जागच्या जागी आहेत आणि अजून पाणी वळवीत आहेत. नावाड्याने दाखविल्याशिवाय ते ओळखू येत नाहीत, इतके ते आता नदीचेच झाले आहेत.

वर जाणारी होडी

वाट झाली, पण होड्या चालविणार कोण? तांब्याच्या शेतकऱ्यांना वा तराफेवाल्यांना या होड्यांची सवय नव्हती. ऱ्योईने सेतो समुद्राकाठच्या उशिमादो गावाहून अठरा नावाडी आणविले आणि सागा येथे एका मंदिराच्या मोकळ्या जागेत त्यांची वस्ती केली. त्यांच्याकडून स्थानिक लोक ही विद्या शिकले. होडीच्या पुढे लांब बांबू घेतलेला माणूस उभा राहतो, मध्ये वल्हेकरी बसतात आणि मागे सुकाणूवाला असतो. बांबूवाल्याने कोणत्या खडकाच्या कोणत्या भोकात बांबू टेकवायचा हे ठरलेले असते. पिढ्यानपिढ्या एकाच जागी बांबू टेकवून तेथील खडकांना वाटीसारखे खळगे पडले आहेत. नव्या माणसाला जुने जाणते ते खळगे दाखवून देतात.

तांब्याकडून तांदूळ, गहू, सरपण आणि कोळसा खाली येऊ लागला. परतीच्या होड्यांतून मीठ, लोखंड आणि शहरी जिन्नस वर जाऊ लागले. क्योतोत सरपण आणि धान्य यांची आवक वाढली. डोंगरातील गावांना मीठ घोड्यापेक्षा स्वस्त दरात मिळू लागले. राझान यांच्या लेखातही धान्य, मीठ, लोखंड, लाकूड आणि दगड यांचा या संदर्भात उल्लेख आहे.

येथे एका गोष्टीकडे विशेष लक्ष वेधावेसे वाटते. पर्यटकाला फक्त खाली येणारी होडी दिसते. खाली येण्याचे निम्मे काम नदी करते. वर जाण्याचे सारे काम मनुष्याला करावे लागे. मालाची होडी आराशियामाहून कामेओकाला परत न्यायची तर चार माणसे लागत. तिघेजण काठावरून दोर खांद्यावर घेऊन ओढीत आणि चौथा होडीत उभा राहून बांबूने ती खडकांपासून दूर ठेवी. उतरण्याला दोन तास, तर चढण्याला चार. काठ सलग नाही. कोठे कडा थेट पाण्यात उतरतो, तेथे दोरवाल्यांनी होडीत बसून पलीकडच्या काठाला जायचे आणि तिकडून पुन्हा ओढायला लागायचे. त्यांच्यासाठी अवघड जागी दगड रचून अरुंद पायवाटा केलेल्या होत्या. पावसाळ्यात त्या निसरड्या होत, थंडीत पाण्यातून चालावे लागे.

नदीकाठच्या काही खडकांवर बोट जाईल अशा खोल खाचा आज दिसतात. घणाचा किंवा छिन्नीचा त्यांच्याशी काही संबंध नाही. ओल्या दोराने तीनशे वर्षे घासून त्या पडल्या आहेत. आपल्याकडे जुन्या विहिरींच्या काठावर पोहऱ्याच्या दोराच्या खाचा असतात, तशाच या. फरक इतकाच, की येथे दोराच्या दुसऱ्या टोकाला पोहऱ्याच्या जागी मालाची होडी होती.

प्रस्तुत लेखकाची उमेदीची वर्षे राज्य शासनाच्या सेवेत गेली. त्या काळात नावघाटांच्या लिलावाची कागदपत्रे अनेकदा पाहण्यात आली. त्यांत घाटाचे नाव असे, ठेकेदाराचे नाव असे, बोलीची रक्कम व मुदत असे; प्रत्यक्ष होडी चालविणाराचे नाव कोठेही नसे. होझूचा इतिहास वाचताना त्या कागदांची आठवण होते. ऱ्योईचे चरित्र शिलालेखात आहे, त्याच्या मुलाचे ग्रंथालयांत आहे. दोरवाल्यांचे जे काही आहे ते या खाचांत आहे.

समुद्र मिटला, नदी राहिली

सुमिनोकुरा घराणे केवळ नदीवर अवलंबून नव्हते. त्या काळी तोकुगावा शासन निवडक व्यापाऱ्यांना तांबड्या शिक्क्याचे परवाने देऊन परदेशी व्यापारास पाठवीत असे. सुमिनोकुरांची जहाजे अन्नाम, म्हणजे आजच्या व्हिएतनामकडे जात आणि रेशीम, साखर, औषधी घेऊन येत. तोपर्यंत चिनी रेशमाचा जपानशी व्यापार बव्हंशी पोर्तुगीजांच्या हाती होता. त्यांचे मोठे गलबत गोव्याहून निघे आणि मकाववरून नागासाकीला पोहोचे. ज्यांचे शव जुन्या गोव्यात आहे ते फ्रान्सिस झेवियर १५५१ मध्ये याच क्योतोत येऊन गेले होते, हेही जाता जाता सांगावयास हवे. गोव्याच्या गलबताला जपानी व्यापाऱ्यांनी जे प्रत्युत्तर दिले, त्यातील एक ठळक नाव सुमिनोकुरांचे होते.

या जहाजांसाठी फुजिवारा सेइका या तत्त्वचिंतकाने सोआनच्या सांगण्यावरून एक नियमावली लिहून दिली. व्यापार म्हणजे असलेल्याने नसलेल्यास पुरविणे. त्यात दोघांचा लाभ हवा, दुसऱ्यास तोशीस लावून स्वतःचा फायदा करणे त्यात बसत नाही. परदेशी माणसाची भाषा आणि चालीरीती भिन्न असल्या तरी मूळ मनुष्यस्वभाव एकच आहे, म्हणून त्याला फसवू नये वा हसू नये, असा तिचा आशय आहे. सोआन स्वतः सुंदर हस्ताक्षरासाठी नावाजलेला होता. त्याने सागा येथे छापविलेले जुन्या जपानी वाङ्मयाचे ग्रंथ आजही छपाईकलेचे नमुने मानले जातात.

क्योतोच्या कियोमिझू मंदिरात सुमिनोकुरांच्या जहाजाचे चित्र असलेली नवसाची एक मोठी फळी आहे. ती १६३४ सालची. पुढच्याच वर्षी, १६३५ मध्ये, जपानी माणसाने परदेशी जाण्यास शासनाने पूर्ण बंदी घातली. समुद्रावरचा व्यापार एका हुकमाने संपला. मात्र घराणे बुडाले नाही, कारण नद्या त्यांच्याकडे होत्या. एक शाखा सागा येथे राहून होझूचा जलमार्ग सांभाळू लागली, दुसरी क्योतोत राहून कालव्याचा. हे हक्क त्यांच्याकडे १८६८ च्या सत्तांतरापर्यंत चालले.

कालवा, हिशेब आणि एक पुतळा

त्या कालव्याविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे. होझूच्या यशानंतर इएयासूच्या आज्ञेवरून १६०७ मध्ये ऱ्योईने फुजी नदीत होड्यांची वाट काढली. डोंगरातील काइ प्रांताच्या लोकांनी त्याआधी होडी पाहिलीच नव्हती. मासा नसताना हे पाण्यावर चालते कसे, याचे त्यांना नवल वाटले, असे राझान नोंदवितात. त्यानंतर १६११ ते १६१४ या काळात ऱ्योई आणि सोआन यांनी क्योतोच्या मध्यातून दक्षिणेकडील फुशिमीपर्यंत सुमारे १० किलोमीटरचा ताकासे कालवा खोदविला. त्याचा खर्च ७५,००० र्‍यो झाल्याचे सांगितले जाते. एका होडीच्या खेपेमागे २ कान ५०० मोन इतके भाडे ठरले होते. पैकी १ कान शासनाचे, २५० मोन होडीच्या डागडुजीचे आणि उरलेले १ कान २५० मोन सुमिनोकुरांचे. म्हणजे भाड्याचा नेमका निम्मा वाटा घराण्याकडे जाई. जे तीन पिढ्यांत उभे राहिले ते केवळ परोपकारावर उभे नव्हते, हे यावरून स्पष्ट व्हावे. आणि त्यात कमीपणा मानण्याचेही कारण नाही. हा कालवा १९२० पर्यंत वाहतुकीसाठी वापरात होता. मोरी ओगाइ यांची १९१६ मधील ‘ताकासेबुने’ ही कथा याच कालव्यावरील कैद्यांच्या होडीची आहे.

कालवा पुरा झाला त्याच १६१४ साली ऱ्योईचे निधन झाले. अखेरच्या काळात तो आराशियामाच्या डोंगरावर, होझूच्या काठी, दाइहिकाकु सेन्कोजी या मंदिरात राहिला. नद्यांच्या कामांत जे मजूर दगावले त्यांच्या आत्म्यांना शांती मिळावी म्हणून त्याने ते मंदिर उभारले होते. तेथे त्याचा लाकडी पुतळा आहे. अंगावर भिक्षूची वस्त्रे, एक गुडघा वर उचललेला, हातात दगड फोडण्याचे हत्यार, आणि बसायला दोराचे वेटोळे. धनाढ्य व्यापाऱ्याचा पुतळा करताना हाती हिशेबाची वही देता आली असती, बसायला गादी देता आली असती. तसे केलेले नाही. जी दोन साधने मजुरांच्या हाती होती तीच त्याच्याजवळ दिली आहेत. मृतांची नावे तेथेही नाहीत. पण आपले काम कोणाच्या जिवावर झाले याची जाणीव त्या घराण्याला होती, एवढे त्या पुतळ्यावरून निश्चित म्हणता येते.

आगगाडी आली

१८९९ मध्ये क्योतो रेल्वे कंपनीने दरीच्या कडेने लोहमार्ग टाकला आणि तांब्याचा माल आगगाडीने जाऊ लागला. तीनशे वर्षांचा व्यवसाय काही वर्षांत ओसरला. यावेळी ही विद्या नष्ट झाली असती तर नवल नव्हते. परंतु १८९५ च्या सुमारासच होड्यांतून हौशी प्रवासी नेण्यास आरंभ झाला होता. ज्या आगगाडीने माल हिरावून घेतला तिनेच प्रवासी आणून सोडले. कामेओकापर्यंत गाडीने जावे आणि होडीने खाली यावे, असा परिपाठ पडला. नात्सुमे सोसेकी यांच्या १९०७ मधील ‘गुबिजिन्सो’ या कादंबरीतील दोन मित्र असाच प्रवास करतात.

रिकाम्या होड्या वर ओढून न्याव्याच लागत. दुसऱ्या महायुद्धानंतर त्या ट्रकवर चढवून नेऊ लागले आणि दोरवाल्यांचे काम संपले. लाकडी होड्या जाऊन फायबरच्या आल्या. १९८९ मध्ये लोहमार्ग बोगद्यांतून वळविला गेला आणि दरीतला जुना रूळ ओस पडला. १९९१ पासून त्याच्यावर ७.३ किलोमीटरची पर्यटकांची छोटी गाडी धावते. म्हणजे होडीचा धंदा मारणारी आगगाडीसुद्धा शेवटी होडीसारखीच शोभेच्या कामाला लागली! बव्हंशी व्यापारी वाटांचे भाग्य असेच असते. गरज सरली, की त्या एक तर बुजतात किंवा प्रेक्षणीय होतात.

आजची नदी

‘प्रेक्षणीय’ या शब्दाने मात्र नदीचा धाक कमी होत नाही. २८ मार्च २०२३ रोजी २५ प्रवासी आणि ४ नावाडी असलेली एक होडी खळाळत्या पाण्यात सुकाणूवरचा ताबा सुटल्याने खडकावर आपटून उलटली. प्रवासी वाचले, दोन नावाडी मरण पावले. होड्या बंद ठेवून सुरक्षेची नवी व्यवस्था करण्यात आली आणि त्याच वर्षीच्या जुलै महिन्यात त्या पुन्हा सुरू झाल्या. १६०६ च्या मजुरांसाठी बांधलेल्या मंदिराच्या पायथ्यावरूनच या होड्या जातात. चारशे वर्षांनंतरही या वाटेवर प्रथम धोका पत्करणारा माणूस नावाडीच आहे.

या नावाड्यांची आता स्वतःची सहकारी संस्था आहे. सुमिनोकुरांचा मक्ता गेला, कंपन्या आल्या-गेल्या, आणि अखेर होडी चालविणारेच तिचे व्यवस्थापक झाले. नदीतून रोज जाणाऱ्या या लोकांना पुरानंतर झाडांच्या फांद्यांवर लटकणाऱ्या प्लास्टिकच्या पिशव्या इतरांच्या आधी दिसल्या. त्यांनी स्वतः कचरा वेचण्यास सुरुवात केली. त्यातून गावात चळवळ उभी राहिली, आणि १ जानेवारी २०२१ पासून कामेओका नगरपालिकेने दुकानांतून प्लास्टिकच्या पिशव्या देण्यास बंदी घातली. अशी बंदी घालणारे हे जपानमधील पहिले शहर होय. वरच्या बाजूला १९९८ मध्ये हियोशी धरण झाले, तरी २०१३ च्या वादळात आराशियामाची दुकाने आणि हॉटेले पाण्याखाली गेली होतीच. नदीशी करार करता येतो, तिच्यावर मालकी सांगता येत नाही, हे त्या भागातील लोक जाणून आहेत.

उशिमादोहून आलेल्या अठरा नावाड्यांची वस्ती आता निराळी ओळखू येत नाही. ते लोक सागाचे झाले, त्यांची विद्या कामेओकाच्या मुलांकडे गेली, आणि आज होडीच्या टोकाला बांबू घेऊन उभा राहणारा तरुण ती आपलीच परंपरा मानतो. तसे मानण्याचा त्याला अधिकार आहे. ज्याने खळगा पाडला तो कोण होता हे त्याला ठाऊक नाही. पण बांबू बरोबर त्याच खळग्यात टेकवावा लागतो, हे त्याला पक्के ठाऊक आहे. आपल्या वाचकांपैकी कोणास क्योतोला जाण्याचा योग आला तर त्यांनी होझूचा हा प्रवास अवश्य करावा, बहर आणि पाने मनसोक्त पाहावीत, आणि मधूनच एकदा काठच्या खडकांकडेही नजर टाकावी. दोराच्या खाचा आता दर पुरागणिक थोड्या थोड्या झिजत आहेत, पण अजून त्या दिसतात.